आई ड्युएट गाते

१० नोव्हेंबर, रविवार

आज उजाडता उजाडता मी राजवाड्यासमोर श्रियाच्या गाऊनची शेपूट धरून उभी होते! वय अडतीस, एमबीए, एचआर मॅनेजर – आणि काम काय, तर फोटोग्राफर ‘छोड़िए मैडम!’ म्हणाला की शेपूट हवेत सोडायची आणि वाकून फ्रेमबाहेर पळायचं. प्री-वेडिंग शूट म्हणे. श्रिया मंजिरी मावशीची एकुलती एक, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. लग्न जानेवारीत. मुलाचं नाव उन्मेष. चांगला आहे म्हणतात. असेल. मला आज तो फक्त पाठमोरा दिसला, कारण फोटोग्राफरला ‘मिस्ट्री’ हवी होती.

दोघांनी एकमेकांकडे ‘पहिल्यांदाच’ बघितलं – सात वेळा. सातव्या वेळी कुठे फोटोग्राफरला ते पहिल्यांदा वाटलं. मधेच झाडणारी बाई आली. तिला बाजूला व्हायला सांगितलं तर म्हणते, “पहले मेरा झाड़ू होगा भिया, फिर तुम्हारा प्यार.” सकाळभरात तेवढं एकच वाक्य रिहर्सलशिवायचं.

आई मात्र खूश. शाल पांघरून कडेला उभी, टाळ्या वाजवतेय. परत येताना गाडीत म्हणाली, “छान दिसत होती गं जोडी.”

म्हटलं, “आई, मी आणि मानस पण छान दिसत होतो. अल्बम आहे माळ्यावर.”

घटस्फोटाला चार वर्षं झाली तरी मानसचं नाव निघालं की ती खिडकीबाहेरच्या दुकानांच्या पाट्या वाचायला लागते.

१३ नोव्हेंबर

आई स्वयंपाकघरात गातेय. गुणगुणणं वेगळं – ही गाते. फोन डब्याला टेकवून, त्यातून नुसतं संगीत, आणि वर हिचा आवाज. एक ओळ झाली की मागे जायचं, पुन्हा तीच ओळ. वरणाची फोडणी करपली. मी म्हटलं, तर म्हणाली, “मतलब, थोडी काळी झाली, करपली नाही.”

कराओके ग्रुप! कॉलनीतल्या कोणीतरी बाईने नेलं हिला दसऱ्यानंतर. नाव ‘स्वरबहार’. या शहरात साठीनंतर दोनच गोष्टी होतात माणसाला – एक तर गुडघे जातात, नाही तर कंठ फुटतो.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आईची स्कूटर पंक्चर. म्हणून तालमीला सोडायला गेले. तुकोगंजात दातांच्या दवाखान्याखाली तळघर आहे, तिथे भरतो हा दरबार. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. पहिली समाजसेवा.

आत दहा-बारा जण. एक बिल्डर – तळघरात काळा चष्मा लावून. एक डोळ्यांचे डॉक्टर, गाताना डोळे मिटतात. एक बाई, प्रत्येक गाण्याआधी ‘गला थोड़ा खराब है’ सांगते. सगळे समोरच्या टॅबकडे बघून गातात. शब्द रंग बदलत जातात तसे यांचे चेहरे. माइकला इको इतका की एका ओळीत चार माणसं गातायत असं वाटावं. गाणं संपलं की बाकीचे ‘क्या बात, क्या बात!’ कारण पुढचा नंबर त्यांचा असतो.

आणि आई ड्युएट गाते! तिच्या जोडीला एक निगुडकर म्हणून आहेत. सदुसष्ट-अडुसष्टचे, मरून रंगाचं जाकीट, केस काळे केलेले – कानामागे राहून गेलेत थोडे. पोलोग्राउंडला कारखाना आहे, पिठाच्या गिरण्यांचे सुटे भाग बनतात. मला बघून उठून उभे राहिले. “ये ना बेटा, बस. चहा चलेगी ना?” मी म्हटलं नाही. तरी आणला.

गाणं सुरू झालं. ते दुसऱ्या ओळीला घाईने घुसले. आईने हात वर करून थांबवलं – वर्गात थांबवायची तसा. “दिवाकरजी, मोजा. चार झाल्याशिवाय यायचं नाही.”

“हौ, चार,” म्हणाले ते आणि मान खाली घालून बोटांवर मोजायला लागले.

पस्तीस वर्षं गणित शिकवलं आईने. निवृत्त झाली तरी कोणीतरी लागतंच तिला बोटांवर मोजायला लावायला. ते ठीक. पण ‘दिवाकरजी’?

२० नोव्हेंबर

आज ऑफिसमध्ये – म्हणजे माझ्या खोलीतल्या टेबलाशीच – दोघांचे राजीनामे घेतले. दोघंही ‘स्वतःला शोधायला’ चाललेत. एक गोव्याला, एक ऋषिकेशला. म्हटलं, सापडलात तर कळवा.

२४ नोव्हेंबर

नवा रिअ‍ॅलिटी शो लागलाय. एक बंगला, चार मुलं, चार मुली, सगळे पोहायच्या तलावाकाठी बसून एकमेकांत ‘कनेक्शन’ शोधतायत. आमच्याकडे कनेक्शन म्हणजे नळाचं. एक मुलगी रडली – तिच्या कनेक्शनने दुसरीच्या केसांना हात लावला. आजचे तिन्ही भाग बघितले. काय दर्जा!

एकटीनेच बघितले. आई पूर्वी शेजारी बसून ‘हा कोण, ती त्याची कोण’ विचारायची. आता बाल्कनीत फोनवर असते. हसते. आज विचारलं, कोण होतं. “ग्रुपमधलं,” म्हणाली. सोळा वर्षांची मुलगी आईला जसं सांगते, तंतोतंत तसं.

शिवाय साडी आणलीय. वाईन रंगाची, टिकल्यांची. अंगावर धरून आरशासमोर उभी होती. मला बघितल्यावर घडी घालायला लागली.

१ डिसेंबर, रविवार

झाला एकदाचा कार्यक्रम. हॉलबाहेर बॅनर – सगळ्या गायकांचे फोटो, प्रत्येकाच्या नावाआधी ‘सुप्रसिद्ध’. सुप्रसिद्ध सुमन काळे! आईने शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो दिलेला दिसतोय, कपाळावर अर्धा शिक्का आहे.

निवेदक प्रत्येक गाण्याआधी चार ओळींची शायरी म्हणत होता. माझ्या एका बाजूला मंजिरी मावशी, दुसऱ्या बाजूला श्रिया, फोन उभा धरून. आई स्टेजवर आली तेव्हा मला पायाखालची फरशी बघावीशी वाटली. टिकल्यांवर लाल दिवा, हिरवा दिवा. निगुडकर पांढऱ्या शूजमध्ये.

दुसऱ्या कडव्याला टॅब बंद पडला. आईला शब्द आठवेना. उभी राहिली नुसती. संगीत चाललंय, लोक बघतायत. निगुडकरांनी तिची ओळ म्हटली – बाईची ओळ, बाईच्या पट्टीत! आवाज फाटला, हॉल हसला. आई पण हसली, आणि हसता हसता पुढची ओळ तिला सापडली. शिट्ट्या पडल्या. सुशिक्षित लोकांच्या शिट्ट्या!

मावशी माझ्या कानात – “लोक बोलतायत हं शर्वरी. तू घरात असून तुला दिसत नाही का?”

मंजिरी मावशीशी मी आयुष्यात कधी सहमत झालेली नाही. आज झाले.

३ डिसेंबर

पोह्यांवर शेव टाकता टाकता आई म्हणाली, “एक सांगायचंय. चिडू नकोस.”

मला वाटलं गीझर परत गेला.

“दिवाकरजींनी विचारलंय.”

“काय, पुढचा ड्युएट?”

“लग्नाचं.”

मी हसले. खोटं नाही, खरंच हसले, ठसका लागेपर्यंत. आईने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

“हस. मी पण आधी हसलेच होते. त्यांच्या तोंडावर. घरी आले तर हसू येईना.”

“आई, चौसष्ट वय आहे तुझं.”

“मला गणित येतं.”

“आणि बाबा?”

“बाबांना जाऊन पाच वर्षं झाली. त्यांच्याशी भांडण नाही माझं.” मग म्हणाली, “दिवाकरजींना सांगितलंय, शर्वरीशी बोलून सांगते.”

म्हणजे उत्तर मी द्यायचं! मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना बाप कळवतो तसं. पोहे टाकून उठले.

५ डिसेंबर

एक गोष्ट लोक विसरतात. बाबा गेले, आई एकटी पडली, म्हणून मी बंगलोर सोडून इथे आले. सगळ्यांना वाटतं घटस्फोट झाला म्हणून आले. वाटू दे. पण तिला बीपीच्या गोळ्या कोण आणून देतं, बँकेचं अ‍ॅप कोण चालवतं, सिलेंडर कोण लावतं? मी माझं आयुष्य इथे बांधून ठेवलंय तिच्यासाठी, आणि तिला चार मात्रा न मोजता येणारा माणूस पाहिजे!

७ डिसेंबर, शनिवार

गेले पोलोग्राउंडला. आईला न सांगता.

पत्र्याचा कारखाना, दोन लेथ, जमिनीवर लोखंडाचा भुगा. निगुडकर बिनजाकिटाचे – बनियनवर खाकी शर्ट, चष्मा दोरीने गळ्यात. मला बघून लेथ बंद करायला सांगितली. “बोल बेटा. आता ऐकू येईल.”

मी तयारी करून गेले होते. नोकरीवरून काढायचं असतं तेव्हा करते तशी. आधी समोरच्याचं कौतुक, मग अडचण, मग निर्णय. म्हटलं, तुमच्याबद्दल आदर आहे. पण आईचं वय, तिचं बीपी, समाजातलं नाव, इतक्या वर्षांच्या सवयी. दोघांच्या अपेक्षा जुळायला हव्यात. भावनेच्या भरात असे निर्णय घेऊ नयेत.

सगळं ऐकून घेतलं.

“तुझं बरोबर आहे,” म्हणाले.

“मग?”

“मग काय? मी तर विचारून बसलोय. आता उत्तर त्या देतील.” चष्मा पुसायला लागले. “बायको गेली त्याला नऊ वर्षं झाली. घरी गातो मी रोज. चुकतो का बरोबर, कोण सांगणार? मुलगा म्हणतो – पप्पा, मस्त. न ऐकताच म्हणतो. तुझ्या आईने पहिल्या दिवशी मला थांबवलं ना, सगळ्यांसमोर – वो दिन से मी शनिवारची वाट बघतो.”

पाठ केलेला डायलॉग! स्टेजवर ओळ विसरत नाही तो माणूस खाली कशाला विसरेल.

तेवढ्यात त्यांचा मुलगा रजत आला. “दीदी, मेरी तरफ से कोई प्रॉब्लम नहीं.” अर्थात नाही! घरात कोणीतरी येऊन बापाकडे बघणार असेल तर कोणत्या मुलाला प्रॉब्लम असतो?

कचोरी मागवली होती. खाल्ली. भूक लागली होती म्हणून.

निघताना दारापर्यंत आले. “शर्वरी, तू नाही म्हटलीस तर सुमनजी हो म्हणणार नाहीत. मला माहितीये ते. तरी तू आलीस, समोर बसून बोललीस – ये अच्छा किया.”

माझे आभार मानतात! संताप आला नुसता.

८ डिसेंबर

आईला कळलं. निगुडकरच सांगणार, दुसरं कोण! तिने इस्त्रीचे कपडे माझ्या पलंगावर आणून ठेवले, वर माझा निळा कुर्ता, आणि गेली.

१५ डिसेंबर, रविवार

मंजिरी मावशीकडे बैठक. मावशीने शेव-परमल, गुजिया, चहा – जणू साखरपुडाच. मग सुरू. “ताई, माझं काही म्हणणं नाही गं. पण श्रियाचं लग्न तोंडावर. उन्मेषच्या घरचे विचारतील, मावशीचं हे काय? लोकांना काय सांगू, आमच्याकडे मुलीआधी मावशी बोहल्यावर चढली?”

श्रिया ओरडली, “मम्मी! सो क्यूट आहे हे! मावशी, तुमच्या दोघांचं रील करू या ना, एकदम व्हायरल जाईल.” हिला सगळं क्यूट. कुत्र्याचं पिल्लू क्यूट, राजवाडा क्यूट, म्हाताऱ्यांचं प्रेम क्यूट. एक कापसाची बाहुली घ्यावी आणि तिला गाऊन घालावा, तशी आहे ही.

आई सगळ्यांचं ऐकत होती. मग माझ्याकडे वळली.

“तुझं काय म्हणणं आहे? यांच्यासमोर सांग.”

मी सांगितलं. “या वयात हा तमाशा मला बघवणार नाही, आई. स्टेजवर झाला तेवढा पुरे.”

मावशी सुद्धा चपापली. श्रियाने फोन खाली ठेवला. आईने चहाचा कप बशीत ठेवला, आवाज न करता, कप बरोबर मधोमध.

“बरं,” म्हणाली.

झालं. एका शब्दात संपलं. मी उगीच इतकी तयारी केली होती.

२१ डिसेंबर, शनिवार

आई तालमीला गेली नाही. “गळा बसलाय.” आवाज तर नेहमीसारखाच होता. शहाणपण उशिरा का होईना, येतं.

२९ डिसेंबर

ग्रुपवाल्यांचा नव्या वर्षाचा कार्यक्रम. बॅनर आला फोनवर – आईचा फोटो नाही. निगुडकरांचाही नाही. डॉक्टर, बिल्डर, गळा खराबवाली – सगळे आहेत, सुप्रसिद्ध.

वाईन साडी कपाटात सगळ्यात खाली गेलीय, उन्हाळ्याच्या चादरींखाली.

५ जानेवारी, रविवार

घर परत सुरळीत. आई माझ्या शेजारी बसून सिरियल बघते, पूर्वीसारखी. आणि काय सिरियल! नवरा अपघातात मेला, चेहरा बदलून परत आला, आता बायको त्याच्या नव्या चेहऱ्याच्या प्रेमात पडतेय आणि जुन्या चेहऱ्याच्या फोटोला हार घालून रडतेय. सासू दागिने घालून झोपते. बघणाऱ्यांच्या अकलेची इतकी कीव करणारी दुसरी कुठलीही इंडस्ट्री नसेल.

मजा वाटली म्हणून आईला विचारलं, नायिकेचं नाव काय गं? तिला सांगता येईना. पंधरा दिवस रोज बघतेय.

“आवाज मोठा कर,” म्हणाली.

मोठाच होता.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घ्या, गोड बोला – आई बोलतच नाही फारशी, त्यामुळे गोडाचा प्रश्न मिटला. निगुडकरांनी ग्रुपवर पतंगाचं चित्र पाठवलं. सगळ्यांना, वेगळं हिला नाही. आईने बघितलं आणि फोन पालथा ठेवला. नंतर बघते तर लाडू वळता वळता बसली होती. हातातला लाडू केव्हाच गोल झाला होता, तरी वळतच होती.

मला काय करायचंय.

१९ जानेवारी, रविवार

लग्न पार पडलं श्रियाचं. कार्यालयात भिंतीएवढा पडदा. मंगलाष्टकांआधी त्यावर सिनेमा – राजवाडा, गाऊन, शेपूट. शेपटीच्या टोकाला माझे दोन हात दिसतात, मनगटापर्यंत. वधू-वर ड्रोनने उधळलेल्या फुलांखाली नाचत आले. भटजी बिचारे घड्याळ बघत उभे, मुहूर्त निघून चालला आणि डीजे म्हणतोय ‘एक बार और!’ उन्मेषचा चेहरा मात्र आज दिसला. घामाघूम, भेदरलेला. एकदम साधा पोरगा आहे. तो हार घालत असताना श्रियाने त्याचा हात खालून, कोणाला दिसणार नाही असा, धरला. ते मात्र पडद्यावर आलं नाही.

जेवणं झाल्यावर बायकांनी आईला आग्रह केला – “सुमनताई, एक गाना तो हो जाए!” आई म्हणाली, सोडून दिलं मी ते. मंजिरी मावशीने पटकन सगळ्यांना पान दिलं.

दुपारी परत येताना मी गाडी चालवत होते. मला बरं वाटत होतं, मोठ्या मनाचं वाटत होतं. म्हटलं, “आई, एक सांगू? तू शहाणपणाने घेतलंस. लोक काय वाटेल ते बोलले असते.”

“लोकांना कोण भितं?”

“मग? मावशीने सांगितलं म्हणून?”

“मंजिरीचं मी कधी ऐकलंय?”

“म्हणजे माझ्यासाठी. मी तमाशा म्हटलं म्हणून.”

“नाही गं. तू काहीही म्हणतेस. मानसशी लग्न करायचं नाही असं मी म्हटलं तेव्हा तू मला हिटलर म्हणाली होतीस.” खिडकीबाहेर बघत होती, पण या वेळी पाट्या वाचत नव्हती. “मी त्यांना नाही कळवलं, कारण तुला टाकून कशी जाऊ? तू चार वर्षांपूर्वी आलीस तेव्हा दार लावून पडून राहायचीस. जेवायला उठवावं लागायचं. आंघोळीला उठवावं लागायचं. आता बरी आहेस. पण अजून बाहेर पडत नाहीस कुठे. एक मैत्रीण येत नाही तुझ्याकडे. टीव्हीवरच्या लोकांवर चिडतेस, बास. मी त्यांना म्हटलं – दिवाकरजी, माझी मुलगी अजून माझ्या भरवशावर आहे. तिला एकटं ठेवून मला सुखाने गाता यायचं नाही.”

सिग्नल हिरवा झाला होता. मागचे हॉर्न देत होते.

“मी तुझ्यासाठी आलेय इथे,” मी म्हटलं. “बाबा गेले म्हणून.”

आईने माझ्या मांडीवर थोपटलं, दोनदा. आजारी माणसाला थोपटतात तसं.

२० जानेवारी

सिलेंडर आई स्वतः लावते. आज बघितलं.

२३ जानेवारी

सकाळी जाग आली होती, डोळे मिटून पडले होते. आई दारात आली. उभी राहिली. मी पांघरुणात हलले, तशी गेली. रोज येत असणार. मला वाटायचं धुवायचे कपडे न्यायला येते.

हजेरी! चार वर्षं रोज माझी हजेरी घेतेय ती, आणि मी समजत होते की शाळा मी चालवते.

एचआर मॅनेजर म्हणे. समोरच्याच्या बसण्यावरून ओळखते मी, हा महिन्याभरात राजीनामा देणार. काय नजर! काय अनुभव! त्या बंगल्यातल्या तलावाकाठी बसणाऱ्या पोरींना निदान एवढं कळतं की त्या रडतायत.

१ फेब्रुवारी, शनिवार

आईला म्हटलं, “त्यांना हो म्हण.”

पालक निवडत होती. “विषय संपला तो.”

“मी राहीन एकटी. लहान आहे का मी?”

“नाहीस.”

“मग?”

“मग काही नाही. तू माझ्यासाठी म्हणून त्याग-बिग करायला जाऊ नकोस शर्वरी. सिरियलमध्ये शोभतं ते. तुझ्या उपकारावर मला लग्न करायचं नाही. मला कळेल ते, आणि कळलं की मी जाणार नाही.”

गणिताची बाई. उत्तराखाली दोन रेघा मारल्या की मारल्या. त्याच्या खाली कोणी काही लिहायचं नाही.

मी टीव्ही लावला. बंगल्यातून कोणीतरी बाहेर पडणार होतं आज. कोण पडलं ते बघितलं नाही.

४ फेब्रुवारी

आज पोलोग्राउंडवरून जावं लागलं. म्हणजे लागलं नाही, गेले. कारखान्याबाहेर गाडी थांबवली. लेथ चालू होती. निगुडकर दारातच स्टुलावर बसून कसलासा दात्यांचा पट्टा घासत होते. केस काळे करायचं सोडलंय. अगदी पांढरे आहेत. तोंड हलत होतं – गात असतील किंवा मोजत असतील. लेथच्या आवाजात कळलं नाही.

उतरले नाही. काय बोलणार? आधी कौतुक, मग अडचण, मग निर्णय?

११ फेब्रुवारी

आईला सांगितलं – कंपनीने मला पुण्याच्या ऑफिसला टाकलंय, एक तारखेपासून हजर व्हायचंय. भडकली. “अशी कशी टाकते कंपनी? नाही म्हणून सांग!” म्हटलं, नाही म्हणायची सोय नाही. तासभर कंपनीला शिव्या दिल्या तिने. मग विचारलं, पुण्यात भाड्याने घर बरं मिळतं का, आणि तिकडे माझ्या ओळखीचं कोण कोण आहे.

कंपनीने टाकलेलं नाही. मी मागून घेतलंय.